शनिवारी बिघडणारी साईट

१ फेब्रुवारी, शनिवार

ही वही पूर्णिमानं दिली. म्हणाली, आई, रोज चार ओळी लिही, न्हायतर अक्षर सुटंल. पन्नाशीला शिकलेलं अक्षर, सुटायला कितीसा वेळ. पहिल्या दिवशी घरच्या माणसांची नावं लिहायला सांगितली, म्हणजे जोडाक्षरं पक्की होतील. लिहिते.

भीमरत्न, माझा थोरला, पूर्णिमाचा अण्णा. इथं निपाणीतच पलीकडच्या गल्लीत ऱ्हातो, कॉलेजात शिकवतो आणि भाषणं करतो. सुविधा, त्याची बायको, पोस्टात असती. ऋतिका, त्यांची पोरगी, बेळगावात कॅम्पात खोली करून शिकती. पूर्णिमा, माझी धाकटी, मराठी शाळेत बाई हाय. तिचा नवरा सात वर्षांखाली वारला, तवापासून माझ्याजवळच हाय. एकोणचाळीसची, पण इस्त्रीची साडी नेसली की तिशीची दिसती. आणि मी यल्लव्वा. माझ्या नावातलं जोडाक्षर मला सगळ्यात आधी आलतं.

आता खरी बातमी. माझी वेबसाईट झाली. ऋतिकानं संक्रांतीच्या सुट्टीत करून दिली. फुकट जागा मिळती म्हणे, ब्लॉग म्हणत्यात त्याला. नाव ठेवलंय ‘कारखान्यातल्या मैत्रिणी’. मी चाळीस वर्षं बिड्या वळल्या, तर माझ्या डाव्या-उजव्या हाताला ज्या बायका बसायच्या, त्यांच्या एकेकीच्या गोष्टी मी सांगते आणि पूर्णिमा टाईप करती. पहिली गोष्ट जयाबाईची. ती आमच्याच गल्लीत ऱ्हाती. फोटो बघून म्हणाली, “यल्ले, माझं नाक एवढं हाय व्हय? कुणी सांगितलं न्हाय कधी.”

साईटवर खाली एक आकडा हाय. किती माणसं येऊन गेली ते दिसतंय. मी सकाळी उघडलं तर अकरा. अंघोळ करून उघडलं तर बारा. भाकरी करून बघितलं तर तेरा. लोक एकसारखे येत्यात.

पूर्णिमा म्हणाली, “बिघडलं काही तर युवराज सर हायत स्टँडजवळ. आमच्या शाळेतले कॉम्प्युटर तेच बघतात.” अजून काय बिघडलेलं न्हाय, पण पोरीनं आधीच विचार करून ठेवला. तशी ती लहानपणापासून धोरणी.

८ फेब्रुवारी, शनिवार

बिघडली.

काल संध्याकाळपर्यंत बरी होती. पूर्णिमानं शाळेतनं आल्यावर “बघते जरा सगळं ठीक हाय का” म्हणून उघडली, आणि बघतोय तर जयाबाईचा फोटो एवढा मोठा झालेला, की फोनात नुसता तिचा कान आणि कानातली बुगडी. बरं झालं पूर्णिमानं वेळेत बघितलं, न्हायतर जग नुसता कान बघत बसलं असतं.

शनिवारी तिची शाळा सकाळची. दुपारी युवराज आला. मूळ बोरगावचा. चव्वेचाळीस वय, बायको चार वर्षांखाली गेली, पोरबाळ न्हाय. उंच हाय, पण वाकून बोलतो. दारात पूर्णिमानं त्याला काय झालंय ते दोन शब्दांत सांगितलं. आत येऊन बसला, आणि पाच मिनिटं लागली न्हाईत, काढला शोधून बिघाड. मी म्हटलं, “एवढ्यात?”

“कुठं बघायचं ते कळलं की झालं, मावशी,” म्हणाला.

कारागीर हाय. तरी उठला न्हाय हां. दोन तास बसला. रंग कसला ठेवायचा, अक्षर केवढं ठेवायचं, सगळं पूर्णिमाला विचारून. मी म्हटलं तेंदूच्या पानाचा हिरवा ठेवा. तो म्हणाला, “बाई काय म्हणतील तसं.” बाई म्हणाल्या फिकट निळा. साईट माझी, पण असू दे. काम मनापासनं करतो.

गवती चहा घालून चहा दिला पूर्णिमानं. मला रोजचा साधाच असतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा. या बारीला अक्षरं गेली आणि चौकोन आले. ओळीच्या ओळी चौकोन, खिडक्या लावल्यासारख्या. कालच संध्याकाळी पूर्णिमाच्या लक्षात आलं.

जयाबाई म्हणाली दृष्ट लागली. आपण दृष्ट मानत न्हाय. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय, त्याच्यासमोर मी मीठ-मिरच्या घेऊन उभी ऱ्हाणार हाय का. पण आकडा दोनशेला आलाय, कुणाच्या पोटात दुखत असंल तर मी काय करू.

युवराजनं पाच मिनिटांत अक्षरं आणली. मग दोघांनी बसून पुढच्या गोष्टीचे फोटो लावले. मी मधीच जाऊन बसले, म्हटलं मलाबी दाखवा कसं करत्यात. दोघंबी एकदम गप्प झाली. शिकवणाऱ्याला वाटतंय म्हातारीला काय कळणार. पण मी उठले न्हाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाजूला जी नावांची पट्टी होती ती घसरून पार तळाला गेली. युवराजनं वर चढवली. पोहे केलते.

१ मार्च, शनिवार

या आठवड्यात नवल झालं. साईट बिघडली न्हाय.

पूर्णिमाला सोमवारपासनं बेळगावला प्रशिक्षण होतं, ती ऋतिकाच्या खोलीवरच राहिली. म्हणजे नेमकं घरात सांभाळायला कोण नसताना साईट शहाण्यासारखी वागली. वस्तूलाबी कळतं म्हणायचं.

युवराज दुपारी आला. मी म्हटलं, आज काय झालेलं न्हाय. म्हणाला, “तरी एकदा बघून घेतो.” बघितलं. मग चपलांकडं बघितलं. मग विचारलं, “बाई कवा येणार?” उद्या सकाळी म्हटलं. चहा मी केला, त्यानं अर्धा ठेवला. तब्येत बरी नसंल त्याची.

८ मार्च, शनिवार

आज दोन गोष्टी. साईटवर काळ्या पाटीवर काळी अक्षरं आली, युवराजनं काढली, ही एक.

दुसरी मोठी. महिला दिन म्हणून संध्याकाळी हॉलमधी भीमरत्नचं भाषण झालं. मी पहिल्या रांगेत. काय बोलला पोरगा. म्हणाला, जात मोडायची म्हणून माईकवर वरडून चालत न्हाय, आपापल्या घरातनं सुरुवात करा. ज्या बाईचा नवरा गेला तिला उरलेलं आयुष्य कोपऱ्यात बसवायचा हक्क कुणाच्या भावाला न्हाय आणि बापालाबी न्हाय. टाळ्या थांबंनात. माझ्या शेजारी पूर्णिमा बसलीती, ती टाळ्या वाजवायची विसरली. मान खाली घालून पदराचं टोक वळत होती, आम्ही बिडीचं तोंड वळायचो तसं. थकलेली, बेळगावचा प्रवास.

मी भीमरत्नला म्हटलं, हे भाषण माझ्या साईटवर पाहिजे. खूश झाला. “लाव की आई, सगळ्यात वर लाव.” सगळ्यात वर लावायची सोय असती, टाचणी मारल्यासारखं ते तिथंच ऱ्हातंय, बाकीचं खाली जातंय.

९ मार्च, रविवार

जयाबाई दुपारी आली, पाय पसरून बसली आणि म्हणाली, “यल्ले, तुझी साईट शुक्रवारीच कशी गं आजारी पडती?”

मी म्हटलं, “शुक्रवारी वीज जाती आमच्यात.”

“आणि शनिवारी जेवायच्या वेळंला बरी होती.”

“माणूस हुशार हाय.”

“हुशार तर हायच,” म्हणाली. “दोघंबी हायत.” आणि स्वयंपाकघराकडं बघून हसली. तिथं पूर्णिमा भांडी घासत होती, तिनं एकदम नळ मोठा केला.

मला काय कळलं न्हाय. जयाबाईला बिड्या वळतानाबी असंच अर्धं बोलायची खोड होती. एक बिडी वळून होईस्तवर एक वाक्य. पुढचं वाक्य पुढच्या बिडीला.

१५ मार्च, शनिवार

मनानं लई खाल्लं आज.

युवराज साईट नीट करून चहा घेत होता तवा म्हणाला, इचलकरंजीला त्याच्या मावसभावाचा मोठा कॉम्प्युटर क्लास निघतोय, याला तिथं ये म्हणतोय. पाडव्याला सुरू. इथलं दुकान बंद करून जावं लागंल. आदल्या दिवशीपर्यंत हो का न्हाय ते कळवायचं.

मी म्हटलं, “मग चांगलं की. का जात न्हाय?”

कपाकडं बघत म्हणाला, “इथं एक अडकलंय, मावशी. ते मार्गी लागलं तर जायचं का ऱ्हायचं ते ठरंल.”

पूर्णिमा उठून आत गेली.

तो गेल्यावर माझ्या डोक्यात लख्ख पडलं. त्याचं काय अडकलंय? माझी साईट. दर आठवड्याला बिघडती आणि तो भला माणूस सोडून जाऊ शकत न्हाय. माझ्या हौसेपायी एका माणसाचं नशीब तटलंय. आणि पूर्णिमाचं तोंड आठ दिवस उतरलंय, तिलाबी हेच टोचत असणार, कारण तिनंच त्याला आणला.

ठरवलं. ही साईट नीट करायचं मीच शिकणार. त्याला मोकळा करणार. पूर्णिमाला सांगायचं न्हाय, एकदम चकित करायचं.

१८ मार्च, मंगळवार

ऋतिकाला फोन केला. आधी हसली. मग म्हणाली, “आजी, आतनं साईट म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं असतात. तुला इंग्रजी येतं का?” म्हटलं, मला बिडी ओढायलाबी येत न्हाय, पण चाळीस वर्षं वळल्या की न्हाय?

तिच्याजवळ जानेवारीतली चांगली प्रत हाय, जवा साईट धडधाकट होती तवाची. ती स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याला फोनात पाठवली. एकतीस कागद निघाले. तो पोरगा म्हणाला, “आजी, हे काय, जमिनीचा उतारा?” म्हटलं, माझ्या साईटची आतडी हायत.

ऋतिकानं एकच गोष्ट सांगितली. दोन चोची असत्यात, अशा < >, त्यांच्यामधी शब्द. एक उघडायची जोडी, एक मिटायची. मिटायच्या जोडीत एक तिरकी काडी असती, अशी /. जे उघडलं ते मिटलं पाहिजे, न्हायतर पुढचं सगळं घसरतंय. एवढंच?

कट्ट्यात, म्हणजे बिडीच्या बंडलात, पंचवीस बिड्या असत्यात. चोवीस आल्या तर माझ्या बोटांना कळायचं, मोजायला लागायचं न्हाय. एका बाजूला तोंड मिटलेलं, दुसऱ्या बाजूला दोऱ्यानं बांधलेलं. ज्याचं तोंड उघडं ती छाट, बाजूला टाकायची. मालक छाट काढायला लागला की बायकांना घाम फुटायचा. माझ्या सुपात छाट निघत नसायची. हे मी गर्वानं लिहीत न्हाय, खरं हाय म्हणून लिहिते.

२२ मार्च, शनिवार

काल पुन्हा पट्टी घसरली. आज सकाळी पूर्णिमा शाळेला गेल्यावर ऋतिकाकडनं आजच्या बिघडलेल्या साईटचे कागद मागवले. मांडीवर सूप घेतलं, सुपात दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले, डावीकडं चांगला, उजवीकडं बिघडलेला, वर पूर्णिमाची फूटपट्टी. एक-एक ओळ खाली सरकवायची. वाचायचं न्हाय, नुसतं बघायचं. वाचायला गेलं की डोळा चुकतो.

सव्विसाव्या कागदावर सापडलं. डावीकडं तिरकी काडी, उजवीकडं काडी न्हाय.

तेवढ्यात दुपार झाली आणि युवराज आला. पूर्णिमानं दारात काय झालं ते सांगितलं, आणि त्यानं पाच मिनिटांत तीच काडी घातली. मी बघत होते. तीच जागा. माझं बरोबर होतं. मी काय बोलले न्हाय. पुढच्या शनिवारी बघा म्हटलं मनात.

जाताना म्हणाला, “आता एकच शनिवार.” पूर्णिमाला खाली रस्त्यापर्यंत सोडायला जावं लागलं, आमच्या गल्लीत कुत्री लई.

२९ मार्च, शनिवार

आज एवढं झालंय की हात दुखेस्तवर लिहिणार.

काल संध्याकाळी साईट अशी बिघडली की कधी बिघडली नव्हती. नाव खाली, गोष्टी एकावर एक, भीमरत्नचं भाषण जयाबाईच्या नाकावर. पूर्णिमा म्हणाली, “उद्या सरांना लई वेळ लागंल.”

सकाळी ती गेली आणि मी दार लावून बसले. जयाबाईला बोलावून घेतलं, ती तूर निवडत बसली. एक काडी अकराव्या कागदावर. एक एकोणिसाव्यावर. एक तर आख्खी ओळच कुणीतरी उचलून दुसरीकडं ठेवलेली. वीज गेली की एवढं होतंय? ऋतिका फोनात तोंड घालून सांगत होती, आजी तिथं दाब, आजी हळू, आजी सेव्ह. साडेबाराला सेव्ह दाबलं. सगळं जाग्यावर. निळा रंग, नावं, पट्टी, भाषण वर. मला माझ्या पहिल्या हजार बिड्या पास झाल्या तवा असं झालतं.

पूर्णिमा आली. मागोमाग युवराज आला. दारात ती त्याला काय सांगतीय तोवर मीच म्हटलं, “काय सांगू नको. काय झालेलं न्हाय. मी नीट केली.”

दोघं उभीच.

“कुणी?” पूर्णिमा म्हणाली.

“मी.” कागद दाखवले. युवराजनं ते अकरावं पान घेतलं, एकोणिसावं घेतलं, लई वेळ बघितलं. “बरोबर हाय,” म्हणाला. “एकदम बरोबर हाय, मावशी.” कुणाच्या मयताला आल्यासारखा म्हणाला.

मी म्हटलं, “आता तुम्ही मोकळे. इथलं अडकलेलं सुटलं. संध्याकाळी फोन करा आणि इचलकरंजीला जावा बिनघोर.”

पूर्णिमानं चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, पण गॅस लावला न्हाय. माझा आनंद वाटून घ्यायलाच कोण तयार न्हाय म्हणून मला जरा राग आला. जयाबाई तूर बाजूला सारून म्हणाली, “यल्ले, तुला डोळे हायत का बटनं?”

युवराजनं पिशवी खांद्याला लावली. दारात गेला. एका पायात चप्पल घातली. दुसरी घालता घालता थांबला. मग घातलेलीबी काढली. माझ्यासमोर येऊन खाली बसला आणि म्हणाला, “मावशी, साईट न बिघडता शनिवारी यायचं असलं, तर काय करावं लागतंय?”

मी म्हटलं, “करायचं काय त्यात. या की. घर तुमचंच हाय.”

“अगं ए,” जयाबाई म्हणाली, “त्यो पूर्णिमाला मागतोय.”

मी पूर्णिमाकडं बघितलं. तिचं तोंड लाल झालतं पण नजर खाली न्हवती. म्हणाली, “मी हो म्हणून बसलीय, आई. अण्णाला कसं सांगायचं ते कळंना, म्हणून थांबलोय दोघं. आज ठरलं न्हाय तर हे जाणार होते.”

मला रडू आलं. हसूबी आलं. दोन्ही एकदम आलं की नाकातनं पाणी येतं, तेबी आलं. सात वर्षांत या पोरीनं मला कधी काय मागितलं न्हाय, पगाराच्या दिवशी मलाच साडी आणायची. मी युवराजच्या डोक्यावर हात ठेवला. उंच माणूस, पण बसलाता म्हणून पुरला.

म्हणजे त्याचं अडकलं होतं ते साईटमधी न्हाय, हे मला आता कळलं. बिचारी. एवढं मनात असून दर शनिवारी माझ्या साईटच्या दुरुस्तीतच वेळ जायचा, एकमेकांशी बोलायला यांना सवड कवा मिळाली असंल.

युवराजनं इचलकरंजीला अजून हो का न्हाय ते सांगितलेलं न्हाय. उद्या सकाळपर्यंत वेळ मागून घेतलाय. आता भीमरत्न.

३० मार्च, रविवार

सकाळी पूर्णिमाला घेऊन भीमरत्नच्या घरी गेले आणि मीच सांगितलं. भीमरत्ननं पेपर खाली ठेवला. म्हणाला, “माझा विरोध न्हाय.”

मला बरं वाटलं. मग म्हणाला, “पण.”

पण लोक काय म्हणतील. पण बोरगावच्या त्या घरात आपल्या पोरीला मान मिळंल का. पण आपल्यातल्यांना वाटंल, प्राध्यापकाची बहीण जातीबाहेर दिली. पण जयंती तोंडावर आलीय, कमिटीत चार माणसं चार बोलतील. पण आता वय झालं तिचं, नोकरी हाय, काय कमी हाय तिला.

पूर्णिमा उंबऱ्याजवळ उभी होती. म्हणाली, “अण्णा, परवानगी मागायला न्हाय उभी राहिले. तू लग्नात असावास म्हणून उभी हाय.”

सुविधा कणीक मळता मळता म्हणाली, “अवो, महिला दिनाला टाळ्या कुणी घेतल्या?”

“ते सार्वजनिक होतं,” भीमरत्न म्हणाला.

मला वाटलं, त्याचं ते भाषण वर ठेवल्यामुळं तो अडचणीत आलाय. आई म्हणून मला काळजी वाटली. मी म्हटलं, “मग रं, तुझं भाषण काढून ठेवू का? आता मला येतंय. दोन ठिकाणी दाबलं की जातंय. नंतर तुला बरं वाटलं तर पुन्हा लावता येतं.” फोन घेतलाच होता हातात.

“थांब,” म्हणाला. “कितीजणांनी वाचलंय?”

मी आकडा बघितला. “आठशे बेचाळीस.” उघडला तवा एक वाढला. “त्रेचाळीस.”

“आठशे?” त्याच्या कपाळावर घाम आला. “निपाणीतलेच असतील सगळे?”

“कुठलेबी असतील. पहाटेपासनं येत्यात. मी चहा ठेवते तवापण एक आलेला असतोय.”

लई वेळ पेपरच्या घडीवरनं बोट फिरवत बसला. आठशे माणसांना तोंड द्यायचं म्हणजे सोपं न्हाय. मग पूर्णिमाकडं न बघता म्हणाला, “भाषण राहू दे. त्यांना दुपारी जेवायला बोलव. मी बोलतो.”

युवराजनं मावसभावाला कळवलं, येत न्हाय. दुपारी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. भीमरत्ननं स्वतः तूप वाढलं, जरा जास्तच वाढलं.

६ एप्रिल, रविवार

युवराजची आई बोरगावास्नं आली. करारी बाई हाय, काठी टेकत नुसतं घर बघितलं. पाणी घेतलं, चहा घेतला न्हाय. उन्हाचा चहा नको वाटत असंल. पूर्णिमा आत जाऊन लई वेळ बाहेर आली न्हाय. मी आपली कारखान्यातल्या गोष्टी सांगत बसले. निघताना ती म्हणाली, माझी थोरली बहीणबी बिड्या वळायची. नाव सांगितलं, तर मी ओळखते. तिसऱ्या खोलीत बसायची, डावखुरी. मी म्हटलं, पुढची गोष्ट तिचीच लिहिते.

१३ एप्रिल, रविवार

तिच्या बहिणीची गोष्ट साईटवर लावली. युवराजनं आईला वाचून दाखवली म्हणे, दोन वेळा. आज पुन्हा आली. ऊन मागच्या रविवारपेक्षा जास्त हाय, तरी चहा घेतला. सांडशीनं कप धरल्यासारखा धरला, पण सगळा प्यायली. लग्न मे महिन्यात, साधं, नोंदणीचं.

आणि एक नवल. ठरल्यापास्नं दोन आठवडे झाले, साईट एकदाबी बिघडली न्हाय. माझ्या हातानं नीट केलेली, ती टिकणारच.

१९ एप्रिल, शनिवार

बोलले आणि बिघडली. काल संध्याकाळी न्हाय, आज सकाळी. सगळ्या बायकांचे फोटो गेले. नावं हायत आणि वर रिकामी चौकट.

युवराज जेवायलाच आलाता. म्हटलं, बघा जरा. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पूर्णिमाकडं बघितलं, तिनं मान हलवली, म्हणाली, “मला खरंच म्हाईत न्हाय हो.” अर्धा तास झाला. शर्ट पाठीला चिकटला. कुणाला तरी फोन लावला, हळू आवाजात विचारत होता हे कुठं बघायचं असतंय म्हणून. दोन तास झाले. पूर्णिमा पदर तोंडात धरून हसत होती, आणि जयाबाईला तर ठसकाच लागला, पाठीवर चापटी मारावी लागली.

हाच माणूस, सहा शनिवार बसल्याजागी बिघाड काढायचा. आज काय झालं याला? लग्न ठरलं की पुरुषाचं ध्यान जाग्यावर ऱ्हात न्हाय, दुसरं काय. मी त्याला काय बोलले न्हाय, वाईट वाटंल. कागद मागवले, सूप घेतलं, म्हटलं, जावईबापू, जरा सरा, उजेड येऊ द्या.

सापडलं तिसऱ्या कागदावर. जावई चांगला मिळाला, त्यात वाद न्हाय. पण कारागीर तेवढा हातचा गेला.